'नळ केव्हा येणार?' : छोट्या गावाच्या सामुदायिक रेडिओवर स्थानिक माहितीपत्र कसे उभे करावे

इंदूरच्या मराठी घरांत सकाळची पहिली चौकशी 'नळ आले का?' ही असते. पुण्याहून आलेला पाहुणा या वाक्याला हसतो, कारण त्याच्या हिशेबी नळ भिंतीलाच असतो आणि येते ते पाणी. परंतु नर्मदेचे पाणी जलूदहून सुमारे ७० किलोमीटर अंतर आणि विंध्याचा चढ ओलांडून आणावे लागते आणि बहुतेक वस्त्यांना ते एक दिवसाआड मिळते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला त्यात विनोद वाटत नाही. इंदूरभोवतीच्या महू, सांवेर, देपालपूर, बेटमा यांसारख्या गावांत हा प्रश्न अधिकच टोकदार होतो, कारण तेथील वर्तमानपत्र इंदूरहून छापून येते, त्यात गावाच्या वाट्याला फार तर अर्धा रकाना असतो, आणि तो रकाना हाती पडेपर्यंत नळ येऊन गेलेले असतात. मी इंदूरच्या लोकमान्य नगरात राहते आणि गेली काही वर्षे जवळच्याच एका गावातील सामुदायिक रेडिओ केंद्रावर, म्हणजे गावकऱ्यांनी गावासाठी चालवलेल्या छोट्या एफएम केंद्रावर, आठवड्यातून दोन दिवस स्वेच्छेने काम करते. ज्यांना आपल्या गावी असे केंद्र सुरू करायचे आहे, किंवा जे सुरू आहे त्यावर स्थानिक सूचनांच्या सदराला, म्हणजे माहितीपत्राला, शिस्त आणायची आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

प्रथम कायद्याची चौकट

सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ च्या निकालात हवेतील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे म्हटले, तेथून सामुदायिक रेडिओचा उगम धरला जातो. डिसेंबर २००२ मध्ये शैक्षणिक संस्थांना केंद्र चालवण्याची मुभा मिळाली, चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे केंद्र २००४ मध्ये सुरू झाले, आणि २००६ मध्ये हे दार स्वयंसेवी संस्था व कृषी विज्ञान केंद्रांसाठीही उघडले. त्यानंतर २००८ मध्ये आंध्रातील (आता तेलंगणातील) झहीराबादजवळच्या माचनूरला 'संघम रेडिओ', आपल्या मध्य प्रदेशात ओरछ्याला 'रेडिओ बुंदेलखंड' आणि साताऱ्यातील म्हसवडला 'माणदेशी तरंग वाहिनी' अशी केंद्रे उभी राहिली. नव्याने काम सुरू करणाऱ्याने यांपैकी एका केंद्रावर जाऊन दोन दिवस नुसते बसावे, असे मी आग्रहाने सांगेन; पुस्तकी प्रशिक्षणापेक्षा ते जास्त उपयोगी पडते.

केंद्राची परवानगी व्यक्तीला, राजकीय पक्षाला किंवा नफा कमावणाऱ्या कंपनीला मिळत नाही. अर्ज करणारी स्वयंसेवी संस्था किमान ३ वर्षांपूर्वी नोंदलेली असावी लागते. केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाशी अनुमती करार होतो आणि लहरीचा परवाना दूरसंचार विभागाच्या वायरलेस शाखेकडून घ्यावा लागतो. प्रक्षेपणाची प्रभावी शक्ती सर्वसाधारणपणे १०० वॅट आणि मनोऱ्याची उंची ३० मीटरपर्यंत, एवढ्या मर्यादेत आवाज सपाट भागात १० ते १५ किलोमीटर पोहोचतो. कार्यक्रमांपैकी किमान निम्मे स्थानिक लोकांच्या सहभागाने तयार झालेले असावेत, ते शक्यतो स्थानिक भाषेत किंवा बोलीत असावेत, आणि प्रसारित झालेला प्रत्येक कार्यक्रम ३ महिने जपून ठेवावा, या अटी पहिल्या दिवसापासून लागू होतात.

बातम्यांविषयीची अट मात्र नीट समजून घेतली पाहिजे, कारण याच ठिकाणी बहुतेक लोक एकतर घाबरून गप्प बसतात किंवा बेफिकीरपणे चुकतात. सामुदायिक केंद्राला स्वतः गोळा केलेल्या राजकीय बातम्या व चालू घडामोडी देता येत नाहीत. आकाशवाणीचे बातमीपत्र जसेच्या तसे, किंवा स्थानिक भाषेत प्रामाणिक भाषांतर करून देता येते, आणि भाषांतरात अर्थ बदलला तर त्याची जबाबदारी केंद्राची असते. परंतु हवामान, रस्त्यावरील वाहतूक, सण-उत्सव व सांस्कृतिक कार्यक्रम, स्थानिक खेळांचे सामने, परीक्षा, निकाल व प्रवेश, नोकरीच्या संधी, आणि स्थानिक प्रशासनाने दिलेल्या वीज, पाणी, नैसर्गिक आपत्ती व आरोग्य यांविषयीच्या सूचना या गोष्टी 'बातमी' या व्याख्येत धरल्याच जात नाहीत. ही यादी पुन्हा एकदा वाचावी. गावातील माणूस दिवसभर ज्या गोष्टींची चौकशी करत फिरतो, त्यांतील जवळजवळ सगळ्या तिच्यात आहेत. म्हणून आमच्या केंद्रावर आम्ही 'बातम्या' हा शब्द वापरतच नाही. आमच्या सदराला 'माहितीपत्र' म्हणतो, आणि त्यामुळे कोणी पुढारी 'माझी बातमी का नाही?' असे विचारायला आला तर उत्तर देणे सोपे जाते.

ऐकणारा कोठे आहे, हे पायी फिरून पाहावे

कार्यक्रम आखण्यापूर्वी दोन-तीन जणांनी मिळून गावाचा एक हाताने काढलेला नकाशा करावा आणि एक स्वस्त खिशातला रेडिओ घेऊन त्यावर फिरावे. मनोऱ्यापासून ८ किलोमीटरवरच्या वस्तीत आवाज स्वच्छ येतो आणि ३ किलोमीटरवरच्या खोलगट मोहल्ल्यात खरखर होते, असे अनुभव हमखास येतात. जेथे आवाज पोहोचत नाही तेथील लोकांना 'आमचे केंद्र ऐका' असे सांगत बसण्यात अर्थ नसतो.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न उपकरणाचा आहे. मोबाइलमध्ये एफएम असले तरी त्याला इयरफोनची तार अँटेना म्हणून लागते, आणि ब्लूटूथचे इयरफोन आल्यापासून ती तार घराघरांतून नाहीशी झाली आहे. शिवाय अनेक नव्या फोनमध्ये एफएम नसतेच. म्हणून घरांपेक्षा ठिकाणे मोजावीत. चहाची टपरी, पिठाची गिरणी, शिंप्याचे दुकान, केशकर्तनालय, ट्रॅक्टरवरचा टेप, मंडीतील हम्मालांची बसायची जागा अशा ठिकाणी एक रेडिओ वीस-पंचवीस जण ऐकतात. आमच्या गावात अशी ठिकाणे मोजली तेव्हा लक्षात आले की गिरणीवाला सकाळी ९ नंतरच चक्की सुरू करतो आणि एकदा ती सुरू झाली की कोणालाही काहीही ऐकू येत नाही. सकाळचे माहितीपत्र आम्ही साडेआठला आणले ते त्या गिरणीमुळे.

भाषा कोणती

माळव्यात हा प्रश्न सोपा नाही. बाजारात हिंदी, शेतावर माळवी, नर्मदेकडे उतरले की निमाडी, आणि होळकर किंवा पवार संस्थानांच्या काळापासून येथे राहिलेल्या घरांत मराठी, अशी एकाच रस्त्यावर चार भाषांची ये-जा असते. आकाशवाणीचे इंदूर केंद्र १९५५ मध्ये सुरू झाले आणि त्याच्या 'खेती-गृहस्थी' कार्यक्रमातील नंदाजी आणि भेराजी ही माळवीत बोलणारी जोडी घरोघरी पोहोचली. खत कधी टाकावे हे ती दोघे गप्पांत सांगत, म्हणून लोकांच्या लक्षात राहत असे. आजही आमच्या केंद्रावर मंडीचे भाव शुद्ध हिंदीत वाचले तर शेतकरी अर्धवट कान देतो, आणि तेच माळवीत सांगितले तर हातातली बिडी थांबते.

माझा सल्ला असा की वेळ आणि तारीख असलेली सूचना सर्वांना समजणाऱ्या हिंदीत, शेती-मंडीचा भाग माळवीत, आणि मराठी घरांसाठी आठवड्यातून एक अर्ध्या तासाचे स्वतंत्र सदर असावे. प्रत्येक वाक्य तीन भाषांत वाचण्याचा मोह टाळावा. त्याने माहितीपत्र लांबते आणि कोणाचेच समाधान होत नाही. मराठी सदरात आम्ही गणपती-विसर्जनाची वेळ व घाट, मराठी शाळा-वाचनालयांचे कार्यक्रम, इंदूरला होणाऱ्या नाटकांच्या तारखा आणि परतीच्या शेवटच्या बसची वेळ देतो. ही शेवटची ओळ मी हट्टाने घातली. नाटक किती वाजता सुटते यापेक्षा त्यानंतर सरवटे बसस्थानकावरून गावी जायला काही मिळते की नाही, यावर लोक जाण्याचे ठरवतात.

याला एक मोठा अपवाद महूचा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जन्मस्थानी १४ एप्रिलला महाराष्ट्रातून प्रचंड संख्येने लोक येतात आणि त्यांतील पुष्कळ जण केवळ मराठी बोलतात. अशा दिवशी त्या परिसरातील कोणत्याही केंद्राने मराठीला आठवड्याचे सदर न समजता दर तासाची भाषा समजले पाहिजे. पिण्याचे पाणी कोठे, मुक्कामाची सोय कोठे, हरवलेले मूल कोणत्या पोलीस चौकीत आणून ठेवले आहे, इंदूरकडची गाडी कोणत्या फलाटावरून सुटते, एवढ्याच गोष्टी सांगाव्यात, पण त्या सारख्या सांगाव्यात.

दिवसाचा आराखडा

आकाशवाणीतील लोक ज्याला फिक्स्ड पॉइंट चार्ट म्हणतात, तो तक्ता प्रथम तयार करावा. यात आठवड्याच्या सातही दिवसांचे, कोणत्या वेळी कोणता कार्यक्रम, हे कायमचे ठरलेले असते. नव्या केंद्राने सोळा तासांचे स्वप्न पाहू नये. दररोज २ तास नवे कार्यक्रम करावेत आणि त्यांचेच पुनःप्रसारण करून ६ किंवा ८ तास भरावेत. पाच-सहा स्वयंसेवकांना एवढेच झेपते, आणि त्यांतील दोघांची परीक्षा तर एकाचे लग्न कायम तोंडावर असते.

उदाहरणादाखल सकाळचा एक तास सांगते. आठ वाजता स्थानिक भजनी मंडळाचे एक भजन. माळव्यात कबिराची पदे गाणाऱ्या मंडळींची वाण नाही. आठ वाजून आठ मिनिटांनी हवामान आणि शेती-सल्ला, सव्वाआठला एका माणसाशी गप्पा, साडेआठला पाच मिनिटांचे माहितीपत्र, मग जाहिराती, नंतर आरोग्य किंवा शाळेचे सदर, आणि नऊला पाच मिनिटे कमी असताना माहितीपत्रातील फक्त तीन मुख्य सूचना पुन्हा. गाण्यांबाबत एक इशारा द्यायला हवा : चित्रपटगीते लावण्यासाठी हक्कधारकांचे परवाने लागतात आणि त्याला पैसे पडतात, म्हणून गावातीलच गाणे ध्वनिमुद्रित करावे, गाणाऱ्याची लेखी संमती घ्यावी आणि ती फाइलीत लावावी. भाद्रपदाच्या पितृपक्षात माळव्यातील मुली भिंतीवर शेणाने संजा (संजादेवीची चित्रे) काढून गाणी म्हणतात, आणि पुढे नवरात्रात मराठी घरांत भोंडला होतो. या एका महिन्यात दोन्ही मिळून वर्षभर पुरेल एवढे ध्वनिमुद्रण होते. संजाची गाणी आणि भोंडल्याची गाणी पाठोपाठ लावली तेव्हा दोन्हीकडच्या आज्यांनी 'ही तर आमचीच' म्हणून फोन केले होते.

माहितीपत्राची कृती

आता मुख्य कामाकडे येते. माहितीपत्रासाठी एक जाड रजिस्टर असावे आणि त्यात सात रकाने आखावेत : सूचना काय, कोणी दिली, त्याचा हुद्दा, किती वाजता दिली, दुसऱ्या कोणाकडून खात्री केली, किती वाजता वाचली, आणि ही सूचना कधीपर्यंत खरी आहे. पहिले सहा रकाने कोणत्याही समंजस माणसाला सुचतात. सातवा मला एका चुकीनंतर सुचला, आणि माझ्या मते संपूर्ण स्थानिक माहितीपत्राचा कस त्याच रकान्यात लागतो, कारण गावची बातमी दुधासारखी मुदतीची असते.

ती चूक अशी. एका मंगळवारी संध्याकाळी पावणेसातला मी ध्वनिमुद्रित केले की 'जुन्या टाकीवरून उद्या सकाळी पाणी सुटणार नाही.' सूचना खरी होती, खात्रीही केली होती. परंतु संध्याकाळचे माहितीपत्र दुसऱ्या दिवशी सकाळी जसेच्या तसे पुन्हा लागत असे, आणि बुधवारी साडेआठला माझ्याच आवाजात पुन्हा 'उद्या' ऐकू आले. बुधवारी नळ आले नाहीत, ते ठरल्याप्रमाणेच. पण ऐकणाऱ्यांनी गुरुवारही कोरडा जाणार असे समजून धावपळ केली, आणि बसथांब्यावरच्या चहावाल्याने गुरुवारसाठी टँकर सांगून ठेवला. गुरुवारी नळ व्यवस्थित आले. तो दुपारी केंद्रावर आला आणि 'टँकरचे पैसे आता मला रेडिओ देणार का?' एवढेच विचारून उभा राहिला. आम्ही दोन दिवस त्याच वेळी चूक कबूल करून दुरुस्ती वाचली.

त्या दिवसापासून 'उद्या', 'आज', 'परवा' हे शब्द आमच्या माहितीपत्रातून हद्दपार झाले आहेत. हिंदीत तर धोका दुप्पट आहे, कारण 'कल' म्हणजे कालही आणि उद्याही, आणि 'परसों' दोन्हीकडे चालते. क्रियापद ऐकू येण्याआधी गिरणी सुरू झाली की संपले. वार आणि तारीख, दोन्ही सांगावीत. रात्री १२ ची वेळ सांगताना 'बुधवार संपून गुरुवार लागताना' असे म्हणावे. 'एक दिवसाआड' न म्हणता वार मोजून सांगावेत. घड्याळाची वेळ पावणेसहा, सव्वासात, साडेआठ अशी बोलीतली वापरावी. सतरा पंचेचाळीस म्हटले की वयस्क श्रोता मनात वजाबाकी करत बसतो आणि पुढचे वाक्य हुकते.

सूचना लिहिण्याचा क्रम कोठे-केव्हा-काय-किती वेळ असा ठेवावा. कार्यालयाकडून येणारी सूचना साधारणपणे अशी असते : 'सर्व सन्माननीय ग्राहकांना कळविण्यात येते की अत्यावश्यक देखभाल-दुरुस्तीच्या कारणास्तव ११ केव्ही फीडर क्रमांक दोनचा विद्युत पुरवठा खंडित राहील, होणाऱ्या असुविधेबद्दल खेद आहे.' यातील एकही शब्द ऐकणाऱ्याच्या कामाचा नाही, कारण आपण कोणत्या फीडरवर, म्हणजे कोणत्या वीजवाहिनीवर, आहोत हे कोणालाच माहीत नसते. त्याऐवजी असे वाचावे : 'स्टेशन रोड, कुंभार मोहल्ला आणि मंडीमागची वस्ती. गुरुवारी, १२ तारखेला, सकाळी दहापासून दुपारी दोनपर्यंत वीज राहणार नाही. स्टेशन रोड, कुंभार मोहल्ला, मंडीमागची वस्ती. गुरुवार, दहा ते दोन.' ठिकाण आधी आल्यामुळे ज्याचा संबंध आहे तो कान टवकारतो, आणि शेवटी पुनरावृत्ती असल्यामुळे अर्धवट ऐकणाऱ्यालाही पूर्ण मिळते. यासाठी लाइनमनबरोबर बसून कोणत्या फीडरवर कोणत्या वस्त्या आहेत याचा तक्ता एकदाच करावा आणि स्टुडिओच्या भिंतीवर चिकटवावा. आमचा तक्ता करायला दोन कप चहा आणि एक दुपार लागली.

मी घड्याळ लावून पाहिले तेव्हा न घाई करता मिनिटाला साधारण ११० शब्द वाचले जातात. म्हणजे पाच मिनिटांत साडेपाचशे शब्द, आणि पुनरावृत्ती धरून आठ-नऊ सूचना. नऊपेक्षा अधिक आल्या तर निवड करावी, वेग वाढवू नये.

खात्री कोणाकडून करावी, याचा नियम सरळ आहे. सूचना ज्या खात्याची, त्या खात्यातील जबाबदार माणसाचे तोंडी किंवा लेखी सांगणे हा पहिला आधार, आणि त्या कामाच्या जागी असलेला माणूस हा दुसरा. पाण्यासाठी नगर परिषदेचा अभियंता पहिला आणि टाकीवरचा व्हॉल्व्ह फिरवणारा कर्मचारी दुसरा. माझ्या अनुभवात दुसऱ्याचे सांगणे अधिक वेळा बरोबर निघते, पण वाचण्यासाठी पहिल्याचे नाव लागते. व्हॉट्सॲपवर फिरत आलेली सूचना, मग ती कितीही शिक्क्यांसह असो, आधार मानू नये, कारण मागच्या वर्षीचे पत्र यंदा पुन्हा फिरणे ही नेहमीची गोष्ट आहे. मात्र तिच्यामुळे फोन करण्याची आठवण होते, एवढा तिचा उपयोग मानावा.

हवामानाच्या बाबतीत मुदतीचा रकाना सर्वाधिक महत्त्वाचा ठरतो. हवामान खात्याचा तात्काळ अंदाज केवळ पुढच्या ३ तासांसाठी असतो. तो केव्हा दिला गेला ती वेळ न सांगता वाचणे म्हणजे दिशाभूल आहे, आणि त्याचे पुनःप्रसारण तर कधीच करू नये. विजांच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे 'दामिनी' ॲप स्टुडिओतील फोनवर असावे, पण स्वतःच्या अंदाजाने इशारे देऊ नयेत.

मंडीचे भाव सांगताना एकच आकडा सांगण्याची सवय मोडावी. सोयाबीनचा 'वरचा' भाव ऐकून शेतकरी ट्रॉली भरून येतो आणि ओलावा जास्त म्हणून त्याला खालचा भाव मिळतो, तेव्हा राग व्यापाऱ्याइतकाच रेडिओवरही निघतो. किमान, कमाल आणि ज्या भावाने जास्तीत जास्त माल विकला गेला तो भाव, असे तिन्ही आकडे प्रति क्विंटल सांगावेत, त्या दिवसाची आवक सांगावी, आणि सरकारी खरेदीत सोयाबीनला १२ टक्के ओलाव्याची मर्यादा धरली जाते याची हंगामात आठवण करून द्यावी. कोणत्या दिवशी मंडी बंद आहे ही सूचना भावापेक्षाही आधी वाचावी.

सैन्याच्या गोळीबार-सरावाच्या तारखा हा महूकडच्या गावांचा खास विषय आहे. चांदमारीच्या दिवशी गुरे कोणत्या बाजूला नेऊ नयेत, हे प्रशासनाच्या सूचनेतील शब्दांनुसारच सांगावे, स्वतःची भर घालू नये. तसेच दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी गौतमपुऱ्यात जो हिंगोट (दारू भरलेली हिंगोटाची फळे पेटवून एकमेकांवर फेकण्याचा खेळ) खेळला जातो, त्याचे वर्णन रंगवण्यापेक्षा कोणता रस्ता केव्हापासून बंद आणि रुग्णवाहिका कोठे उभी, हे सांगणे रेडिओचे काम आहे.

शोकसूचना हे सर्वाधिक ऐकले जाणारे आणि सर्वाधिक जोखमीचे सदर. घरातील माणसाने स्वतः येऊन सही करून दिल्याशिवाय ती घेऊ नये. फोनवर तर कधीच नाही. अंत्ययात्रा, उठावणा (तिसऱ्या दिवसाची शोकसभा) किंवा दहावा-तेराव्याची वेळ पुन्हा वाचून दाखवून त्याच्याकडून होकार घ्यावा.

काय वाचू नये

निवडणुकीच्या काळात उमेदवार, पक्ष व प्रचार यांपासून पूर्ण दूर राहावे, आणि इतर वेळीही टाकीचे उद्घाटन कोणी केले हे न सांगता टाकीतून पाणी कोणत्या वस्त्यांना मिळणार ते सांगावे. हे एकदा सर्वांना समान लागू केले की कोणाला तक्रारीला जागा राहत नाही; एका पुढाऱ्यासाठी सवलत दिली की बाकीचे रांग लावतात. गुन्ह्यांच्या गोष्टी हा आपला प्रांत नाही. लैंगिक अत्याचारातील पीडितेची ओळख उघड करणे कायद्याने गुन्हा आहे, आणि छोट्या गावात नाव न घेता मोहल्ला आणि शाळा सांगितली तरी ओळख उघडच होते. जमावाच्या भांडणाबद्दल 'सध्या परिस्थिती तणावपूर्ण आहे' असे वाक्य वाचण्यापेक्षा प्रशासनाची सूचना येईपर्यंत भजन लावावे.

या निर्णयांचा भार एका माणसावर टाकू नये. केंद्राची सल्लागार व आशय समिती ही केवळ कागदावरची अट नाही. फेब्रुवारी २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांनुसार तिच्यात निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत. आमच्या समितीत एक अंगणवाडी कार्यकर्ती आल्यानंतर लसीकरणाची तारीख 'आरोग्य केंद्रात' एवढे सांगून भागत नाही, कोणत्या अंगणवाडीत कोणत्या वारी हेही लागते, हे आम्हाला प्रथमच कळले.

ध्वनिमुद्रण आणि पैसा

महागड्या स्टुडिओची वाट पाहत थांबू नये. गाद्या-रजया लावलेली एक छोटी खोली, बंद पंखा, तोंडापासून वीतभर अंतरावर आणि किंचित बाजूला धरलेला माइक एवढ्यावर स्वच्छ आवाज मिळतो. माइक थेट ओठांसमोर असला की 'प' आणि 'फ' फुटतात. मे महिन्यात पंखा बंद ठेवणे ही शिक्षा आहे, म्हणून मुद्रण सकाळी उरकावे. वीज जाणारच, हे गृहीत धरून यूपीएस आणि छापील प्रत दोन्ही तयार ठेवाव्यात.

जाहिरातींना तासाला ७ मिनिटांऐवजी १२ मिनिटांची मुभा २०२४ मध्ये मिळाली असली तरी छोट्या गावात एवढी जाहिरात मिळणे अवघडच असते. स्थानिक दुकाने, शिकवण्या, रोपवाटिका, मंगल कार्यालये हेच ग्राहक. जाहिरात आणि माहितीपत्र यांच्यामध्ये नेहमी संगीताची एक ओळ असावी, आणि ज्या वाचकाने माहितीपत्र वाचले त्यानेच लगेच जाहिरात वाचू नये. गुडघेदुखीच्या तेलाला नळाच्या वेळेइतका विश्वास फुकटात मिळता कामा नये. चमत्कारी औषधे आणि 'हमखास नोकरी'वाल्यांचे पैसे आम्ही परत केले आहेत, आणि त्या महिन्यांत वीजबिल वर्गणीतून भरले आहे, हेही सांगितले पाहिजे.

श्रोत्यांचे उत्तर आणि दप्तर

पत्रे आता येत नाहीत. एक मोबाइल क्रमांक मिस्ड कॉलसाठी ठेवावा आणि दररोज एका ठरावीक तासात परत फोन करावा. 'कार्यक्रम आवडला का?' असे विचारू नये, त्याचे उत्तर नेहमी 'हो' येते. 'आज सकाळच्या माहितीपत्रातले तुम्हाला काय लक्षात राहिले?' असे विचारावे, आणि जे सांगितले जाईल ते रजिस्टरमधील मूळ सूचनेशी ताडून पाहावे. वार चुकीचा लक्षात राहिला असेल तर बहुधा चूक लिहिणाऱ्याची असते. तो चहावाला आता रोज सकाळी सहाला मिस्ड कॉल देतो : एकदा वाजला तर नळ आले, दोनदा वाजला तर नाही. टँकरचे पैसे आम्ही त्याला दिले नाहीत, त्यानेही पुन्हा मागितले नाहीत, पण केंद्रावर चहा मात्र तो रोख पैशांनीच देतो.

तीन महिन्यांच्या जतनाची धास्ती घेऊ नये. १२८ केबीपीएसच्या एमपीथ्री फाइलीला तासाला सुमारे ५८ एमबी जागा लागते. रोज ८ तास धरले तरी ९० दिवसांचे सर्व प्रसारण ४२ जीबीच्या आत बसते. फाइलीचे नाव नेहमी वर्ष, महिना, तारीख, मग सकाळ किंवा सायंकाळ, मग सदराचे नाव या क्रमाने द्यावे, म्हणजे फाइली आपोआप ओळीत लागतात. माहितीपत्राच्या नावापुढे मुदतीचा दिवसही लिहावा, जेणेकरून पुनःप्रसारणाला बसलेल्या नव्या मुलाला फाइल उघडून ऐकण्याआधीच ती शिळी झाल्याचे दिसेल. नव्वद दिवस उलटले की नळ-विजेची माहितीपत्रे पुसून टाकण्यास हरकत नाही. संजाची गाणी, म्हाताऱ्यांच्या मुलाखती आणि चुकीच्या दुरुस्तीचे निवेदन मात्र वेगळ्या डिस्कवर काढून ठेवावे, आणि ती डिस्क स्टुडिओत न ठेवता कोणाच्या तरी घरच्या कपाटात ठेवावी.